तिसरा भाग मिळत न्हाई

— न्हाई, तिसरा भाग मिळत न्हाई. पहिला हाय, दुसरा आत्ताच परत आलाय, तो बी हाय. तिसऱ्याचं विचारू नका. असं बघताव कामून? तुमच्याकडं एक पुस्तक म्हणजे एकच असंल, आमच्या निलंग्यात एका पुस्तकाची तीन होतात. जाड कादंबरी आली की मी ती ब्लेडनं फाडतो, सुतळीनं शिवतो, वरून सिमेंटच्या पोत्याचा कागद लावतो — म्हणजे एकाच टायमाला तिघं वाचतात. सरंजामे म्हणून लेखक हाय, त्याचं नवं पुस्तक, त्यात मिलिटरीचं, बर्फातलं, आन् माझ्याकडं कॉपी एकच — काय करणार? मागणी किती म्हणताव. दुष्काळ हाय ना. रानात काम न्हाई, मोंढ्यात माल न्हाई, मंग माणूस करंल काय? वाचून राहिला. या तालुक्यात सध्या दोनच धंदे चालून राहिलेत, एक टँकरवाल्याचा आन् एक माझा, भाड्यानं पुस्तकं द्यायचा. बसा की. ट्रंक ठेवा खाली. पत्र्याला टेकू नका, तापलाय. आन् एवढं मोठ्यानं कामून बोलताव? मला ऐकू येतं. माझाच आवाज मोठा हाय म्हणतात सगळे, स्टँडाच्या भोंग्याशेजारी जन्म गेला, हळू बोलायची सवयच न्हाई राहिली.

जीपनं आलाव ना लातूरहून? बघितलं मी. ड्रायव्हरनं लिंबाखाली लावली, माझ्या पत्र्याला चिकटून — सगळे तिथंच लावतात, तेवढीच सावली हाय. आन् गेला असंल हॉटेलात पाणी बघायला. चहा मिळंल, पाणी मिळणार न्हाई. मागची ताडपत्री कशाला पाडून ठेवली म्हणतो मी एवढ्या उकाड्यात? आत कोणी आजारी बाई-बिई हाय का? — बरं, असू द्या. तुम्ही मिलिटरीतले. न सांगता कळतं हो. ते केस, ते बूट, आन् बाकड्यावर बसलं तरी पाठ ताठ. माझा पोरगा बी असाच बसायचा सुट्टीवर आला की. आमची नागम्मा म्हणायची, अरे घरात तरी ढिला बस, इथं कोण साहेब येणार हाय तुला बघायला. मलप्पा त्याचं नाव. मी गुरुपादप्पा, माझा पोरगा मलप्पा. लातूर जिल्हा झाला त्याच साली भरती झाला तो. नवा जिल्हा, नवी कचेरी, पोरांना वाटलं आता नोकऱ्याच नोकऱ्या. नोकऱ्या कुठल्या? कलेक्टर आला, बोर्ड आला, पाणी काही आलं न्हाई. मंग हा गेला मिलिटरीत. आता दिवाळीपासून पत्र —

काय झालं? न्हाई, थांबा. काही बोलू नका. तोंड असं कामून झालं तुमचं? नाव ऐकलं म्हणून लगेच बोलायचं असतं का? आल्या-आल्या तुम्ही काय विचारलं — तिसरा भाग हाय का, लोकं काय म्हणून राहिली या पुस्तकाला, आन् तुमचं स्वतःचं मत काय. हेच विचारलं ना? दुसरं काही विचारलं न्हाई. मंग पुस्तकाचंच बोलू आपण. मी बोलतो, तुम्ही ऐका. बाकीचं काही असंल तर असू द्या, त्याला कुठं घाई हाय.

तर पुस्तक. तुम्ही वाचलेलं दिसतंय, तरी सांगतो. बर्फातली चौकी हाय, दुश्मनाच्या ताब्यात गेलेली, ती परत घ्यायची. कॅप्टन रणधीर आन् त्याचा हवालदार सोनबा — आपल्याकडचाच दाखवलाय सोनबा, काळ्या मातीतला, बाजरीची भाकर आठवून आठवून बर्फ खातो बिचारा. दुसऱ्या भागात सोनबाचे पाय जातात. गोळीनं न्हाई, थंडीनं. लाकडावानी होतात. कॅप्टन त्याला कमरेला दोर बांधून ओढत कड्यावर न्यायला लागतो, अंधार पडून राहिलाय, वरती चौकी, खाली दरी, आन् मधी दोर. दोर ताठ झाला होता — एवढं लिहिलंय आन् दुसरा भाग खलास. आता मी काही तिथं मुद्दाम फाडलं न्हाई. पानं मोजून फाडलं तर नेमकं तिथं आलं. पण लोकांना वाटलं मीच केलं, गिऱ्हाईक लटकत ठेवायला. काय शिव्या खाल्ल्या म्हणताव.

आन् तिसऱ्या भागात सोनबा स्वतःच्या हातानं दोर कापतो. कॅप्टन वाचावा, चौकी घ्यावी म्हणून. झालं — तिथून भांडण. आमचे लक्ष्मणराव मास्तर, रिटायर झालेत, सकाळी येऊन बसतात ते टँकर येईस्तोवर उठत न्हाईत, ते म्हणाले असं पुस्तक मराठीत झालं न्हाई, सोनबाचं मरण वाचून मी रडलो, पोरांना शाळेत लावलं पाहिजे. आन् ईश्वरप्पा, पेंडीचं दुकान हाय त्याचं समोर, तो म्हणाला, लेखकाला जोड्यानं मारलं पाहिजे. म्हणाला, मेडल कॅप्टनला आन् दरी सोनबाला, हे कुठलं पुस्तक? कॅप्टनला ओढता येत नव्हतं काय? लेखकालाच ओढायचा कंटाळा आला, म्हणून सोनबाच्या हातात चाकू दिला. मास्तर म्हणाले, अरे ढोरांची पेंड विकणाऱ्या, तुला त्याग काय कळतो. ईश्वरप्पा म्हणाला, मास्तर, तुमची पोरं कुठं हाईत? पुण्यात, बँकेत. मंग तुम्हाला दुसऱ्याच्या पोराचा त्याग लई गोड लागंल. तेव्हापासून बाकडं दोन केलीत मी. इकडं कापलं ते बरं म्हणणारे, तिकडं लेखकाला शिव्या देणारे. पाण्याच्या लायनीत बी घागरी वेगळ्या लावून राहिले लोक, काय सांगू तुम्हाला. कंडक्टर उतरला तरी आधी विचारतात, तू कुठल्या बाकड्याचा.

माझं मत? तेच विचारून राहिले ना सगळे. कारण काय हाय, मी पुस्तकाबाबत खोटं बोलत न्हाई. हा माझा नेम हाय. गिऱ्हाईक दारात उभं हाय, पैसे हातात हाईत, तरी मी सांगतो, नका घेऊ, रद्दी हाय, दुसरं न्या. लग्नाला गेलो तर पोरगी चांगली म्हणंन, जेवण चांगलं म्हणंन, मयतीला गेलो तर माणूस देव होता म्हणंन — ते बोलावंच लागतं, चार माणसांत राहायचं हाय. पण पुस्तकाला चांगलं म्हणायचं तर ते चांगलंच पाहिजे. मलप्पा हसायचा मला. म्हणायचा, अप्पा, तुमच्या पोटातलं ऐकायचं असंल तर पुस्तकाचं विचारावं, बाकी सगळं तुम्ही रीत म्हणून बोलताव. खरं हाय त्याचं. लई वाचायचा तो बी. याच बाकड्यावर —

हे काय, ट्रंक भिंतीकडं तोंड करून कामून ठेवली तुम्ही? नाव असतं ना समोर, पांढऱ्या रंगानं. — न्हाई, राहू द्या, नका फिरवू. मी बघतो वाकून. बघू द्या हो, एवढं काय. —

हां.

हे अक्षर माझं हाय. दुकानाच्या बोर्डाचा रंग उरला होता, त्यातून काढलं होतं. नागम्मा म्हणाली होती, बारीक काढा, लोकं हसतील. मी मोठं काढलं. म्हटलं, गाडीत हजार काळ्या ट्रंका असतात, पोराला आपली ओळखू आली पाहिजे.

न्हाई. न्हाई, बोलू नका तुम्ही. हात जोडतो. माणूस न्हाई आन् ट्रंक आली, याचा अर्थ मला सांगायला कोणी नको. मी एवढी पुस्तकं वाचली. तार येते म्हणाले होते मास्तर, ट्रंकेच्या आधी तार येते, म्हणून मी तार येत न्हाई तवर ठीक हाय म्हणत होतो. पोस्टमन सायकलवरून दिसला की मी हातातलं पुस्तक मिटायचो, पुढं गेला की उघडायचो. तार तर आली न्हाई. ट्रंकच आली. बसा. उठू नका. नागम्मा टँकरवर गेलीय, तिला येऊ द्या घागर घेऊन. एवढं पाणी घरात येऊ द्या, मंग सांगू तिला. घागर खाली ठेवू द्या तिला. तोवर मला बोलू द्या, मी गप बसलो तर तुम्ही बोलताल, आन् तुम्ही बोलला की ते झालं. अजून झालं न्हाई. अजून आपण पुस्तकाचं बोलून राहिलोय.

तुम्ही मत विचारलं. सांगतो. सोनबानं दोर कापला ते बरं केलं. हाव, बरंच केलं. मी मास्तरच्या बाकड्यावर. ऐका ना — काय करणार होता तो वाचून? दोन्ही पाय गेलेला गडी. गावाकडं आला असता, लोकांनी हार घातला असता एक दिवस, तहसीलदार आला असता, फोटो निघाला असता. मंग? दुसऱ्या दिवशी त्याला परसाकडं कोणी न्यायचं? बापानं? बाप म्हातारा. आईनं? ती पाण्याला जाईल का याला उचलंल? इथं धडधाकट माणसाला घागरभर पाणी मिळंना, तिथं अंथरुणातल्या माणसाला आंघोळ कुठली. पोरगी कोण देणार त्याला? रोज दारात बसून स्टँड बघत बसला असता आन् बापाला रोज ते बघावं लागलं असतं. मेला तर इज्जतीनं मेला. भिंतीवर फोटो राहतो, माणूस ताठ मानंनं सांगतो, माझा पोरगा असा होता. अर्धा परत येण्यापेक्षा न आलेला बरा. हे माझं मत, आन् मी पुस्तकाबाबत खोटं बोलत न्हाई, सगळ्या निलंग्याला ठाऊक हाय. असं म्हणायला पाहिजे माणसानं. असं म्हटलं की धीर येतो. मी तयारच हाय बघा आता. तुम्ही म्हणाल ते ऐकायला तयार हाय.

— ते कोण वाजवून राहिलं? ऐकलंत? दोनदा. जीपच्या पत्र्यावर थाप मारली कोणीतरी आतून. आपल्याकडं दोन थापा म्हणजे चल म्हणतात ड्रायव्हरला. ड्रायव्हर तर हॉटेलात हाय, कोणाला चल म्हणतोय तो? — आन् तुम्ही कुठं निघालाव? अहो, ट्रंक कुठं उचलताव? घर तिकडं हाय, मठाच्या मागं. जीपकडं कामून घेऊन चाललाव ती? ती ट्रंक माझ्या घरची हाय. ठेवा खाली. ठेवा म्हणतो ना. एवढ्या दूर आणली आन् परत नेताव, ही कुठली तऱ्हा? सांगायला आलाव ते सांगा तरी. बोला आता. मघापासून तोंड उघडून राहिलाव, आता मी गप बसतो. बोला.

काय?

कोण जिता हाय?

हळू बोला. न्हाई, हळू नका बोलू, नीट बोला, माझ्या कानात आवाज होऊन राहिलाय. मलप्पा. जिता हाय. पुण्याला होता दवाखान्यात. दिवाळीपासून? आन् पत्र — लिहिलं न्हाई. त्यानंच लिहिलं न्हाई, कोणाला लिहू बी दिलं न्हाई. बरं. बरं, जिता हाय ना, मंग न का लिहीना. कुठं हाय आता? दवाखान्यातच का? मी येतो. आत्ता येतो, नागम्माला —

पाय.

दोन्ही?

हां. थंडीनं. बर्फात.

तुम्ही मला हे आधी सांगायचं ना. हाव, मीच बोलू दिलं न्हाई. मीच. पण पुस्तकाचं कामून विचारलं तुम्ही आल्या-आल्या? तुम्हाला काय पडलं होतं पुस्तकाचं? आन् ते बी एवढ्या मोठ्यानं —

मलप्पानंच सांगितलं होतं. दवाखान्यात सगळ्यांनी वाचलं, तिथं बी दोन बाकडी झाली. आन् तो म्हणाला, आधी अप्पांना पुस्तकाचं विचार. माझं विचारशील तर आणा त्याला म्हणतील, रीत म्हणून म्हणतील. पुस्तकाचं विचार. काय म्हणतात ते मी ऐकतो.

ऐकतो म्हणजे?

शिवा शिवा. त्या ताडपत्रीमागं तोच हाय. माझ्या पत्र्याला लागून. अहो, हात बी जातो पत्र्याच्या या फटीतून, आवाज जाणार न्हाई का? सगळं ऐकलं असंल त्यानं. आईचं, पाण्याचं, परसाकडचं. अर्धा परत येण्यापेक्षा — ते बी? त्यानंतरच वाजवलं ना त्यानं. चल म्हणाला तो.

ऐका, तुम्ही दोस्त हाव त्याचे, तुम्ही सांगा त्याला. न्हाई, तुम्ही नका सांगू. पण हे बघा, हे बघा आधी — हा तिसरा भाग. गादीखाली होता. मास्तरनं वाचला, ईश्वरप्पानं वाचला, आन् मी काढून घेतला. लोकांना सांगितलं, भांडणं होतात म्हणून बंद केला. भांडणाचं काय घेऊन बसलाव, भांडणानं तर धंदा होतो. मी वाचला न्हाई तो. एक पान न्हाई. शिवताना बी डोळे दुसरीकडं ठेवून शिवला. दुसरा भाग किती खेपा वाचला, दोर ताठ झाला होता तिथं आलो की पुस्तक मिटतो आन् पुन्हा पहिल्यापासून धरतो. माझ्यापुरता सोनबा अजून दोराला हाय. कापल्याचं मी बाकड्यावर ऐकलंय नुसतं. आन् मत देऊन बसलो. न वाचता. उभ्या जन्मात पहिल्यांदा न वाचता मत दिलं मी, आन् ते त्यानं ऐकलं. ते मत नव्हतं हो, मला भ्या वाटून राहिलं होतं. तुम्ही मेल्याचं सांगायला आलाव असं धरून मी स्वतःला समजावून राहिलो होतो. मेलेल्या पोरासाठी बोललो ते, जित्यासाठी न्हाई. जित्याला कोण म्हणंल असं?

पाणी मी आणतो. नागम्मा न्हाई, मी. त्याला उचलणार बी मीच. म्हातारा हाय म्हणालो ते — रद्दीचे गठ्ठे कोण उचलतं इथं? मीच उचलतो. लहान होता तेव्हा खांद्यावर बसवून नेत होतो त्याला, मंग आता काय झालं. दारात बसून स्टँड बघत बसंल, तर बसू दे. मी बी तेच करतो दिवसभर, स्टँडच बघतो, कुठल्या गाडीतून उतरतो का म्हणून. दोघं बघू.

तो ड्रायव्हर आला बघा, तोंड पुसत आला. अरे ए, थांब, गाडी चालू करू नको. ऐकंना तो. तुम्ही इथंच थांबा, बाकड्यावर. ट्रंक राहू द्या, कोणी नेत न्हाई. मास्तर येतील, ईश्वरप्पा येईल, कोणी तिसरा भाग मागितला तर देऊन टाका हा, कायमचा द्या, परत आणू नका म्हणावं. चपला कुठं गेल्या — राहू द्या चपला. चार पावलं बी न्हाईत, पत्र्याच्या पलीकडं तर हाय.

पुन्हा वाजवलं त्यानं. मलप्पा, अरे — व्हा, बाजूला व्हा तुम्ही. वाटेतून सरा.